फावला वेळ कुणाचा?



"कुठं काय करते बाई, घरीच आसते."

पैठणच्या एका गल्लीत आम्ही घरोघर जाऊन बायकांची यादी करत होतो, तेव्हाचे हे उत्तर. आम्ही विचारले होते, "तुम्ही काय काम करता?" उत्तर देणाऱ्या बाईंचा उजवा हात चरख्याच्या दांड्यावर होता. डाव्या हाताच्या चिमटीतून रेशमाचा धागा सरकत होता आणि कांडी भरत होती. शेजारी नातू झोपला होता. उत्तर देतानाही चरखा थांबला नाही. यादी लिहिणारी आमची कार्यकर्ती नवी होती. तिने 'व्यवसाय' या रकान्यात इमानाने लिहिले : घरकाम.

चूक त्या बाईंची नव्हती आणि आमच्या कार्यकर्तीचीही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच शिकवले गेले आहे की पुरुषाच्या हातातून धागा जातो तेव्हा तो धंदा असतो, कसब असते. बाईच्या हातातून तोच धागा जातो तेव्हा ती मदत असते, हौस असते, फार तर 'फावल्या वेळाचा सदुपयोग' असतो. हा 'फावला वेळ' नावाचा शब्द आपल्या तोंडातून आणि आपल्या कागदांतून हद्दपार झाला पाहिजे, एवढे एकच सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. कारण या शब्दाने आपली जेवढी मजुरी बुडवली आहे तेवढी कुठल्या सावकारानेही बुडवली नसेल.

परगावच्या माणसांचे गाव

आमचे शहर विणणाऱ्यांचे आहे आणि घरापासून दूर आलेल्यांचेही आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या वेळी दिल्लीकडचे कारागीर इकडे आले, राजधानी परत गेली तरी त्यांतले काही इथेच राहिले आणि सुती ताण्यावर रेशमी बाणा चालवून विणलेला हिमरू इथे रुजला, असे परंपरेने सांगतात. हिमरूच्या प्रत्येक माहितीपत्रकात ही गोष्ट असते. तिच्यात सुलतान असतो, कारागीर असतो, नक्षी असते. कारागिराबरोबर दिल्लीहून इथवर चालत आलेली त्याची बायको मात्र नसते. परक्या मुलखात चूल कुणी मांडली? मागाला लागणारे सूत कुणी उकलले, कुणी गुंडाळले? त्याबद्दल एक ओळ नाही.

२०२३ साली या शहराचे नाव बदलले आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. कागदपत्रे बदलताना लोकांची किती धावपळ होते याची चर्चा गावभर झाली. आम्ही बायका मनात म्हणत होतो, आम्हाला हे नवे आहे का? ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहायचे आणि आपण त्या क्षणापासून त्या नावाला 'ओ' द्यायची, हे आमच्यातल्या कितीजणींनी सोसले आहे! गाव सुटते, नाव सुटते, भाषेचा हेल सुटतो. बरोबर येते ते फक्त हातातले कसब. आणि त्या कसबालाच कुणी काम म्हणत नाही.

मी स्वतः देवगडच्या किनाऱ्यावरची. १९८६ साली लग्न होऊन इथे आले. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात होता, घर सिडकोत. समुद्र सोडून आलेल्या माणसाला मराठवाड्याचा पहिला उन्हाळा काय वाटतो ते ज्याचे त्यालाच ठाऊक. पाणी दिवसाआड. बोलले की शेजारणी हसायच्या, कारण माझ्या बोलण्यात मालवणी यायची. माहेरी जायचे म्हणजे आधी पुणे, मग कोल्हापूर, मग घाट उतरून खाली, एस.टी.चे दोन दिवस. आईचे आंतर्देशीय पत्र महिन्याने एकदा यायचे आणि ते मी इतक्या वेळा वाचायची की घडीवर फाटायचे.

माझी आई काथ्या वळायची. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवायची, बडवायची, धुवायची, वाळवायची आणि मग तळहातावर पीळ देत सुंभ वळायचे. तिचा हात रिकामा कधी पाहिला नाही. आम्ही मुली जरा टेकलो की म्हणायची, "बसान काय करतलंस? सुंभ वळ." तिच्या सुंभाने घरे शाकारली, होड्या बांधल्या, बैल बांधले. पण खानेसुमारीला मास्तर आले की वडील सांगायचे, "बायको काय करत नाय, घराकडेच असता." आईही मान डोलवायची.

इथे सिडकोत शेजारच्या वऱ्हाडी वहिनींनी मला लोकरीचे विणकाम शिकवले. देवगडात लोकर कुणाला लागते? पण इकडची थंडी बोचरी. एक सुलट, एक उलट करत मी पहिला स्वेटर विणला तो तीनदा उसवला. तरी खरे सांगते, त्या दोन सुयांनी मला त्या वर्षी वेड लागण्यापासून वाचवले. माहेरची आठवण आली की मी टाके मोजायची. विणकामात सुख आहे, शांती आहे, हे मी नाकारत नाही. माझे भांडण विणकामाशी नाहीच. त्या सुखाचा फायदा जे घेतात, त्यांच्याशी आहे.

पंचवीस रुपयांचा हिशेब

माझा हात बसला तसे एका दुकानदाराने निरोप पाठवला. लोकर तो देणार, बाळाचा संच विणून द्यायचा : टोपडे, स्वेटर, मोजे. एका संचाचे २५ रुपये. १९९३ सालची गोष्ट. मला आकाश ठेंगणे झाले. आमच्या गल्लीतल्या सहाजणी त्याच्यासाठी विणू लागल्या.

चार महिन्यांनी वऱ्हाडी वहिनी म्हणाल्या, "वेळ लिहून ठेवू या का?" शाळेच्या वहीत आम्ही दोघी वेळ लिहू लागलो. दुपारी दीड तास, रात्री मुले निजल्यावर दोन तास, पहाटे पाणी येईपर्यंत अर्धा तास. एका संचाला १८ तास लागत होते. २५ भागिले १८, म्हणजे तासाला एक रुपया एकोणचाळीस पैसे. आठ तासांचा दिवस धरला तर अकरा रुपये. दुकानात तोच संच काचेच्या कपाटात ११० रुपयांना लावलेला होता.

आम्ही सहाजणी दुकानदाराकडे गेलो. तो मुळीच चिडला नाही. हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय मजूर आहात का? घरी बसल्या बसल्या फावल्या वेळात चार पैसे मिळतात, म्हणून देतो. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या पुष्कळ आहेत."

हे वाक्य नीट पाहा. त्याने भाव कमी का, याचा हिशेब दिला नाही. लोकर महाग आहे, माल खपत नाही, असेही म्हणाला नाही. त्याने फक्त आमच्या वेळेचे नाव बदलले. आमचे १८ तास त्याने 'फावला वेळ' केले आणि फावल्या वेळाला भाव नसतो! 'घरंदाज बायका तुम्ही, मजूर थोड्याच' असे म्हणून त्याने आमचा मानही राखला आणि पैसेही राखले. आम्हीही त्या मानाला भुललो. सहापैकी तिघी पुढच्या आठवड्यात पुन्हा लोकर घेऊन आल्या. त्यांना दोष देत नाही. घरात त्या २५ रुपयांचे दूध येत होते.

बाईच्या वेळेचे असे नाव बदलणे हा एकट्या त्या दुकानदाराचा अपराध असता, तर लेख लिहिला नसता. पण पैठणच्या रेशमापासून खादीच्या सुतापर्यंत हाच प्रकार चालू आहे.

पैठणी कुणी विणली?

पैठणी नेसलेली बाई फोटोत असते. पैठणी विणणारा कारागीर अलीकडे फोटोत येऊ लागला आहे. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. चांगले झाले. पण मागावर ताणा चढण्याआधी काय काय होते ते पाहा. कच्चे रेशीम धुऊन, रंगवून लडी होते. ती असारीवर चढवायची. गुंतलेला धागा सोडवायचा. तुटलेले टोक शोधायचे, केसाहून बारीक टोकाला टोक जोडायचे. मग चरख्यावर कांड्या भरायच्या. पदरावरच्या मोराला जितके रंग, तितक्या कांड्या. हे करणारे हात बहुतकरून घरातल्या बायकांचे असतात. नजर अधू होते, खांदे भरून येतात, बोटांच्या टोकांना चिरा पडतात. एक साडी मागावर महिना-दीड महिना असते, भरजरी असेल तर वर्षसुद्धा. तेवढे दिवस मागाला कांडी कमी पडू द्यायची नाही, ही जबाबदारी तिची. कांडी संपली की माग थांबतो. माग थांबला की ओरडा तिलाच बसतो.

आणि साडी विकली गेली की पैसे कुणाच्या नावावर? विणकराचे ओळखपत्र कुणाच्या नावावर? कर्ज, विमा, पुरस्कार कुणाच्या नावावर? तिचे नाव विचारले तर म्हणतात, "ती आहेच की मदतीला."

देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० साली, ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत शेकडा ७२ बायका आहेत. त्यांतला मोठा वाटा आसामकडचा आणि ईशान्येचा. तिकडे बाई स्वतः मागावर बसते, आणि तशी मोजली जाते. याच गणनेत २६ लाख ७३ हजार 'विणकर' आणि ८ लाख ४८ हजार 'पूरक कामगार' असे दोन भाग आहेत. कांडी भरणे, ताणा लावणे, रंगवणे ही कामे पूरक. निदान तिथे या कामाला रकाना तरी आहे! पण रकाना असून उपयोग काय, जर दारात आलेल्या माणसाला बाई स्वतःच सांगणार असेल, "मी काही करत नाही"?

आनंदाची गोष्ट अशी की पैठणच्या मागांवरही आता बायका बसू लागल्या आहेत, शिकून तयार होत आहेत. ज्या घरात बाई मागावर बसली, त्या घरात कांड्या कोण भरते ते जाऊन पाहा. सासू भरते, नणंद भरते, शाळेतून आलेली मुलगी भरते. नवरा भरताना दिसला तर मला पत्र लिहा, मी मुद्दाम येऊन भेटेन.

धनगरांच्या घोंगडीची हीच कथा. मेंढराची लोकर कातरली की ती निवडणे, पिंजणे, कातणे हे काम मोठ्या प्रमाणात बायकांचे. पावसाळा सरल्यावर वाडे घेऊन धनगर रानोमाळ हिंडतात. त्या पालावर बाई भाकरी थापते, पाणी आणते, कोकरे सांभाळते आणि सूतही कातते. घरच नाही, तर 'घरबसल्या' काम कसले? तरी तिचेही काम फावल्या वेळाचेच.

ज्या सुताची पूजा झाली

कोणी म्हणेल, आपल्या देशात तर सूतकताईला केवढा मान! खरे आहे. गांधीजींना चरखा हवा होता तेव्हा तो शोधून दिला गंगाबेन मजमुदार या बाईंनी, बडोदा संस्थानातल्या विजापूरला. तिथल्या बायकांचे चरखे माळ्यावर पडले होते. त्यांनी सांगितले की पेळू नियमित मिळत असतील आणि सूत विकत घेतले जात असेल, तर आम्ही कातू. म्हणजे पाहा, पहिल्या दिवसापासून बायका व्यवहाराचेच बोलत होत्या. त्यांना पूजा नको होती, गिऱ्हाईक हवे होते.

१९२५ साली चरखा संघ निघाला. दहा वर्षांनी गांधीजींच्याच लक्षात आले की गरिबांसाठी काढलेल्या या कामात कातणाऱ्या बाईच्या पदरी काहीच पडत नाही. १९३५ साली त्यांनी आग्रह धरला की आठ तास कातणाऱ्याला आठ आणे मिळाले पाहिजेत. त्यावर जे उत्तर आले ते आजही ओळखीचे वाटेल. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, महाग झाली तर खपणार नाही, खपली नाही तर बायकांचे कामच जाईल! शेवटी आठ आणे झेपले नाहीत, त्याहून बराच कमी दर ठरला. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः तासन्‌तास कातून त्या मजुरीवर जगून पाहिले. त्यांच्याविषयी आदर आहेच. पण मनात येते, लाखो बायका तेवढ्यावरच जगत होत्या, तेव्हा तो कुणाला प्रयोग वाटला नाही. एक पुरुष कातायला बसला, तेव्हा तो प्रयोग झाला.

आमच्या मराठवाड्यात नांदेडची खादी समिती राष्ट्रध्वज तयार करते. देशात हे काम करणाऱ्या संस्था मोजक्याच. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच ध्वज, असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावरच्या कापडाला, पॉलिएस्टरलाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी झेंडे लागले. स्वस्त झेंडा प्रत्येकाला मिळाला, हे चांगले की वाईट यावर वाद होऊ शकेल. माझा प्रश्न साधा आहे. कारखाना बंद करायचा तर कामगारांना नोटीस द्यावी लागते, भरपाईची बोलणी होतात. देशाचा झेंडा कातणाऱ्या बाईला कुणी विचारले का, की बाई, तुझ्या सुताचे आता काय? विचारणार कसे? ती कामगार नव्हतीच! ती 'सेवा' करत होती.

आणि लोकरीचीही तीच कथा. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. मागणी आली की आमचे विणकाम राष्ट्रकार्य होते. मजुरी मागितली की तेच विणकाम विरंगुळा होते. दोन्हीकडून पैसे वाचतात ते मात्र आमचेच!

वेळेचा हिशेब

आता त्या फावल्या वेळाकडे वळू. भारत सरकारनेच वेळेच्या वापराची पाहणी केली. २०१९ च्या पाहणीत बायका घरच्या बिनपगारी कामाला दिवसाकाठी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली! दिवसाचे जवळजवळ पाच तास आम्ही स्वयंपाक, पाणी, धुणी-भांडी, झाडलोट यांत घालवतो. मुलाबाळांची, आजाऱ्यांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळी. त्यानंतर जे उरते त्याला फावला वेळ म्हणायचे आणि त्यातही कांड्या भरायच्या.

फावला वेळ पुरुषाला असतो. कामावरून आला, पाय पसरले, पेपर उघडला, चौकात जाऊन आला. तो वेळ त्याचा. त्या वेळात त्याने काही विणावे, कातावे असे कुणी म्हणत नाही. बाई दोन घटका भिंतीला टेकून बसली, तर आजही तिला अपराध्यासारखे वाटते. म्हणून ती सुया घेते. हात चालू दिसले की बसायला परवानगी मिळते. कितीजणींसाठी विणकाम ही बसण्याची परवानगी आहे, विचारा आपापल्या मनाला.

आपल्याला जे ऐकवले जाईल

पहिले ऐकवतील, "घरातल्या घरात हिशेब कसला मांडता?" घरातल्या घरात हिशेब नेहमीच असतो. हुंडा मोजताना असतो, वाटणी करताना असतो, मुलीच्या शिक्षणाचा खर्च काढताना असतो. फक्त बाईच्या श्रमापाशी आला की हिशेब लाजतो.

दुसरे म्हणतील, "बायकांनाच घरून काम करणे सोयीचे पडते." पडतेच. कारण पाळणाघर नाही, रात्री बस नाही, घरी चूल वाट पाहते आणि बाहेर पडले की सासरचे संशय घेतात. सगळी दारे बंद करून एक खिडकी उघडी ठेवायची आणि म्हणायचे, बघा, ही खिडकीतूनच जाते!

तिसरे म्हणतील, "भाव मागाल तर काम जाईल." हे १९३५ सालीही म्हणत होते. ही भीती खोटी नाही. एकटीने मागितला तर काम जाते, हे आमच्या गल्लीत आम्ही अनुभवले. म्हणूनच एकटीने मागायचा नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायका घरी बसूनच विड्या वळत होत्या. त्या संघटित झाल्या, झगडल्या. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले, पुढे १९७६ साली त्यांच्यासाठी कल्याणनिधीचा कायदा आला. विडी वळणारी कामगार होऊ शकते, तर कांडी भरणारी का नाही?

चौथे म्हणणारे आपल्यातलेच असतील. "विणकाम ही कला आहे, माया आहे. तिला पैशात कशाला तोलता?" नातवासाठी विणलेले टोपडे मी तोलत नाही. ते माझे आहे, माझ्या मर्जीचे आहे. पण दुसऱ्याच्या दुकानासाठी, दुसऱ्याच्या मागासाठी केलेल्या कामात माया शोधायला सांगणारा माणूस आधी स्वतःचा नफा मायेवर सोडून दाखवो.

आपलेही चुकते

आणि आता थोडे आपल्याकडे बोट. नवऱ्याने टाकलेली, विधवा झालेली, माहेरी परत आलेली बाई आपल्या केंद्रावर आली की आपण तिला काय सुचवतो? शिवण, विणकाम, पापड. प्रशिक्षणाचा वर्ग भरतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो निघतात. पुढे तिचा माल कोण घेतो, कोणत्या दराने घेतो, तासाला किती पडतात, हे आपण विचारतो का? बचत गटाच्या अहवालात आपणही लिहितो, 'महिलांनी फावल्या वेळात अमुक इतके उत्पन्न मिळवले.' दुकानदाराचा शब्द आपल्याच अहवालात! मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत, म्हणून हे सांगण्याचा मला हक्क आहे आणि लाजही आहे.

मस्टर

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या बायका खडी फोडायला गेल्या. लेकरू झोळीत, डोक्यावर ऊन. हाल झाले. पण त्या कामाने एक गोष्ट दिली : मस्टरवर नाव. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. जेवढे काम तेवढा दाम, त्यात बाई-पुरुष असा वेगळा दर नाही. ज्या बाईला जन्मभर 'अमक्याची बायको' म्हणत, तिने स्वतःच्या नावापुढे अंगठा उमटवून मजुरी घेतली. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आजही त्या मस्टरची आठवण काढतात. खडी विसरल्या, नाव विसरल्या नाहीत.

आपल्याला तेच मस्टर घरात आणायचे आहे. श्रमशक्ती अहवालाने १९८८ सालीच सांगितले होते की घरात बसून काम करणारी बाई कामगार आहे. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. तिच्या इंग्रजी मजकुरात तो कामगार 'त्याच्या' घरी काम करतो! पण व्याख्या आहे, तिचा उपयोग करून घेणे आपल्या हातात आहे.

तेव्हा मागण्या अशा. एक, कांडी भरणाऱ्या, सूत उकलणाऱ्या, कातणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतःच्या नावाचे ओळखपत्र मिळावे, विणकराची बायको म्हणून नको. दोन, नगावर मजुरी ठरवताना त्या नगाला किती तास लागतात ते आधी मोजावे आणि आठ तासांना किमान वेतनाहून कमी पडेल असा दर बेकायदा धरावा. तीन, डोळे, खांदे, पाठ यांचे आजार या कामाचे आजार मानावेत. चार, साडीच्या किंवा शालीच्या चिठ्ठीवर विणणाऱ्याचे नाव येत असेल, तर तिथे कांडी भरणारीचेही नाव यावे. आणि पाच, ही मागणी सरकारकडे नाही, आपल्या घराकडे आहे : कांडी भरायला घरातला पुरुषही बसावा.

हे सगळे एका दिवसात होणार नाही. पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. आपापल्या गटातल्या प्रत्येकीने चार आण्याच्या का होईना, एका वहीत तीस दिवस वेळ लिहायचा. किती वाजता सुई हातात घेतली, किती वाजता ठेवली. किती कांड्या भरल्या, किती पैसे मिळाले. जिला लिहिता येत नाही तिने रेघा ओढायच्या. महिन्याच्या बैठकीला वह्या आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून भागाकार करायचा. तो भागाकार पाहिल्यावर कुणी पुन्हा 'फावला वेळ' म्हणेल असे मला वाटत नाही.

माझ्या आईची वही नव्हती. तिने आयुष्यात किती सुंभ वळले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ आपल्या हातात आहे.

पैठणच्या त्या बाईंकडे आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो. यादी पुन्हा लिहायची होती. मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी चरखा थांबवला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "लिही बाई. कांड्या भरते. तीस वर्षं झाली."

'व्यवसाय' या रकान्यात आम्ही आता तेच लिहिले आहे.